दहा विजय, तीन भोपळे

३ सप्टेंबर २०२२ रोजी आयोवा विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने साउथ डकोटा स्टेटला ७-३ असं हरवलं. अमेरिकन फुटबॉल थोडाफार पाहणारा माणूस हा आकडा वाचून सहज म्हणेल, की आयोवाने एक टचडाउन केला, त्यावरचा जादा गुण घेतला आणि सामना खिशात घातला. तसं काही झालं नव्हतं. आयोवाला टचडाउन करताच आला नाही. एक फील्ड गोल झाला, त्याचे तीन गुण. उरलेले चार गुण बचावफळीने आणले. प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच गोलरेषेमागे दोनदा पाडलं आणि दर वेळी दोन गुण मिळवले. याला ‘सेफ्टी’ म्हणतात. ती इतकी क्वचित होते, की एका सामन्यात दोन झाल्या हीच बातमी. आक्रमक फळी अख्ख्या सामन्यात १६६ यार्ड सरकली. चेंडू लाथाडून समोरच्याला देऊन टाकण्यासाठी पंटर टोरी टेलरला दहा वेळा मैदानात यावं लागलं. संघ जिंकत होता आणि त्याचेच पाठीराखे हुर्यो उडवत होते.

बाहेरच्या माणसाला यात कृतघ्नपणा दिसतो. जिंकणाऱ्या संघावर कुणी रागावतं का? पण हे लोक दर शनिवारी अंगावर काळा-सोनेरी सदरा चढवून येणारे, संघाच्या प्रत्येक खेळाडूची कुंडली पाठ असणारे होते. त्या दुपारी त्यांना जे दिसत होतं ते गुणफलकावर उमटायला पुढे पंधरा महिने लागले.

खेळ माहीत नसेल त्याच्यासाठी थोडक्यात सांगायला हवं. मैदान शंभर यार्डांचं, दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचे एंड झोन. ज्याच्याकडे चेंडू त्याने चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. गेला तर पुन्हा चार प्रयत्न. पलीकडच्या एंड झोनमध्ये पोचला तर टचडाउन, म्हणजे सहा गुण आणि वर जादा गुणाची संधी. जवळ जाऊन अडकला तर खांबांमधून चेंडू मारून फील्ड गोल, तीन गुण. तीन प्रयत्न वाया गेले आणि खांब फार लांब असले, तर चौथ्या प्रयत्नात चेंडू शक्य तितका दूर लाथाडून समोरच्याच्या हवाली करायचा. हा पंट. आपल्या ओळखीच्या फुटबॉलपेक्षा मोठा फरक असा, की इथे आक्रमण करणारे अकरा जण वेगळे, बचाव करणारे अकरा वेगळे आणि पंट, फील्ड गोल अशा प्रसंगांसाठी तिसरं पथक वेगळं. त्यामुळे एकाच संघाचं आक्रमण देशात तळाला आणि बचाव देशातल्या अव्वल फळ्यांत, असं होऊ शकतं. आयोवात नेमकं तेच होत होतं.

आयोवा सिटी हे नाव मराठी साहित्याच्या वाचकाला परकं नाही. दिलीप चित्रे १९७५ ते १९७७ या काळात तिथल्या इंटरनॅशनल रायटिंग प्रोग्रॅममध्ये होते. त्या वर्षांत लेखकांचं हे गाव जगभर गाजत होतं आणि गावातला फुटबॉल संघ सपाटून मार खात होता. १९६२ ते १९८० या सलग १९ हंगामांत आयोवाचे विजय पराभवांपेक्षा एकदाही जास्त भरले नाहीत. १९७९ साली हेडन फ्राय प्रशिक्षक म्हणून आले आणि १९८१ च्या हंगामाअखेर संघ थेट रोझ बोल या मानाच्या सामन्यात पोचला. त्याच फ्राय यांच्या हाताखाली तयार झालेले कर्क फेरेंट्झ १९९९ पासून मुख्य प्रशिक्षक आहेत. देशाच्या वरच्या श्रेणीत इतकी वर्षं एका खुर्चीवर टिकून असलेला दुसरा प्रशिक्षक नाही.

हा इतिहास सांगण्याचं कारण आहे. आयोवा राज्यात मोठ्या व्यावसायिक लीगमधला एकही फुटबॉल संघ नाही. शेतकऱ्यापासून प्राध्यापकापर्यंत राज्याचा जीव या विद्यापीठाच्या संघात गुंतलेला असतो. पहिला क्वार्टर संपला, की किनिक स्टेडियममधले साठ-सत्तर हजार लोक शेजारच्या बालरुग्णालयाकडे वळतात आणि वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांत उभ्या असलेल्या आजारी मुलांना हात हलवून दाखवतात. २०१७ पासून हा रिवाज चालू आहे. अशा स्टँडमध्ये एकाच घरातल्या दोन पिढ्या शेजारी बसलेल्या असतात. ज्यांनी ती १९ वर्षं पाहिली, त्यांना वर्षाला आठ-दहा विजय म्हणजे देवाची कृपा वाटते. ज्यांचा जन्मच फेरेंट्झ यांच्या काळात झाला, त्यांचा प्रश्न वेगळा असतो. बचाव इतका भक्कम असताना आपण वर्षाचा शेवट रिकाम्या हाताने का करतो?

फेरेंट्झ यांची खेळाकडे बघण्याची दृष्टी एका जुन्या सामन्यात स्वच्छ दिसते. २३ ऑक्टोबर २००४, पेन स्टेटचं मैदान. शेवटच्या टप्प्यात आयोवा ६-२ ने पुढे होता आणि चेंडू आपल्याच गोलरेषेला चिकटलेला होता. तिथून पंट मारताना तो अडवला गेला, तर समोरच्याला आयता टचडाउन. फेरेंट्झ यांनी मुद्दाम सेफ्टी देऊन टाकली. दोन गुण गेले, फलक ६-४ झाला. आता नुसत्या एका फील्ड गोलनेही पेन स्टेट जिंकू शकत होतं, पण त्यांना तेवढंही करू न देण्याइतका आपला बचाव खमका आहे, असा हा हिशेब होता. तो बरोबर निघाला. सामना ६-४ वरच संपला. आयोवाचा चाहता हा सामना अजूनही कौतुकाने सांगतो. म्हणजे कमी गुणांचा खेळ त्याला कमीपणाचा वाटतो असं मुळीच नाही. त्याची तक्रार अधिक नेमकी आहे.

या पद्धतीमागे गणित आहे, आणि ते गणित खोटं नाही. १९७१ साली ‘ऑपरेशन्स रिसर्च’ या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या दोन लेखकांपैकी एक, व्हर्जिल कार्टर, हा त्या काळात सिनसिनाटी बेंगल्स या व्यावसायिक संघाकडून क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रं हलवणारा आणि पास फेकणारा खेळाडू, म्हणून प्रत्यक्ष खेळत होता. चेंडू मैदानाच्या कोणत्या रेषेवर आहे यावरून पुढे सरासरी किती गुण होतात, हे त्या दोघांनी हजारो चालींच्या नोंदींवरून काढलं. आपल्याच गोलरेषेजवळ चेंडू ताब्यात असेल तर त्याची किंमत ऋण येते, म्हणजे तुमच्याआधी समोरचा गुण करण्याची शक्यता अधिक. जसजसं पुढे सरकावं तसतशी किंमत वाढते. जागेचं हे मोल जुन्या प्रशिक्षकांना अनुभवाने माहीत होतंच, आता त्याला आकडा मिळाला. समोरच्याला त्याच्या पाच-दहा यार्डांच्या रेषेवर कोंडा, त्याला तिथेच अडवा, तो घाईने पंट मारेल, तुम्हाला चेंडू मैदानाच्या मध्यावर मिळेल. मग वीस-पंचवीस यार्ड सरकलात तरी फील्ड गोल आहेच.

कोंडण्याचं काम टोरी टेलरकडे होतं. मेलबर्नमध्ये ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल खेळत वाढलेला हा माणूस २०२० मध्ये आयोवाला आला. त्या खेळात धावता धावता पायाने अचूक चेंडू टाकणं हेच मुख्य कसब. त्यामुळे चेंडूला उलटी फिरकी देऊन तो गोलरेषेच्या अलीकडे थांबवणं त्याच्या अंगवळणी पडलेलं होतं. २०२३ च्या हंगामात त्याने ९३ पंट मारले. एकूण ४,४७९ यार्ड, सरासरी ४८ च्या वर. एका हंगामातल्या पंटिंगच्या यार्डांचा १९३८ पासून टिकून असलेला विक्रम त्याने मोडला आणि देशातल्या सर्वोत्तम पंटरला मिळणारा रे गाय पुरस्कारही घेतला. ‘पंटिंग इज विनिंग’ असं छापलेले टी-शर्ट आयोवात दिसू लागले. तो मैदानात उतरला की स्टँड उठून टाळ्या वाजवायचे. पुढे व्यावसायिक लीगच्या वार्षिक खेळाडू-निवडीत शिकागो बेअर्सने त्याला चौथ्या फेरीत उचललं. पंटरसाठी हा फार मोठा मान आहे.

तरी त्या ९३ मधलं दुःख चाहत्याला कळत होतं. पंटर विक्रम करतो, तेव्हा त्याच्या आधी मैदानात असलेली फळी ९३ वेळा हात हलवत परतलेली असते.

जागेच्या गणिताला उत्तरार्ध असतो. समोरच्याला कोंडलं, अडवलं, चेंडू चांगल्या जागी मिळवला, आता थोडं तरी पुढे जायला हवं. आयोवाला ते जमेना. २०२२ मध्ये दर सामन्यामागे सुमारे २५२ यार्ड आणि १३१ संघांत १३० वा क्रमांक. २०२३ मध्ये सुमारे २३५ यार्ड आणि थेट शेवटचा. हे काम ब्रायन फेरेंट्झ यांच्याकडे होतं. ते २०१७ पासून आक्रमणाचे समन्वयक होते आणि मुख्य प्रशिक्षकांचे चिरंजीवही. नातेवाइकांच्या नेमणुकांबाबत विद्यापीठाचे नियम असल्याने कागदोपत्री त्यांनी वडिलांऐवजी क्रीडा संचालकांना जाब द्यायचा, अशी व्यवस्था होती. घराणेशाहीचा आरोप करायला चाहत्याला वेगळा पुरावा शोधावा लागत नव्हता. पण तो आरोप बाजूला ठेवला तरी खेळातले दोष उघडे होते. आघाडीचे धिप्पाड खेळाडू क्वार्टरबॅकला पुरेसा वेळ मिळवून देत नव्हते. पहिल्या प्रयत्नात मधून धाव, एक-दोन यार्ड. दुसऱ्यात पुन्हा धाव. तिसऱ्यात सात-आठ यार्ड उरलेले, सगळ्या स्टेडियमला ठाऊक की आता पास येणार, आणि समोरचा बचाव त्यासाठी दात विचकून बसलेला.

माणसं कमी पडत होती की पद्धत? या प्रश्नाचं एक बोलकं उत्तर चार्ली जोन्सच्या रूपाने मिळालं. २०२१ मध्ये आयोवाकडून त्याने २१ पास झेलले, ३२३ यार्ड मिळवले. पुढच्या वर्षी तो पर्ड्यू विद्यापीठात गेला आणि तिथे एका हंगामात ११० पास झेलून १,३६१ यार्ड केले. तेच पाय, तेच हात, दोन्ही विद्यापीठं खेळतात ती बिग टेन स्पर्धाही तीच. चाहत्याच्या बाजूने याहून ठोस साक्ष दुसरी नसेल.

फेब्रुवारी २०२३ मध्ये विद्यापीठाने ब्रायन यांच्या करारात बदल केला. पगार नऊ लाख डॉलरवरून साडेआठ लाखांवर आणला आणि अट घातली, की करार पुढे चालू राहायचा तर संघाने किमान सात सामने जिंकले पाहिजेत आणि सामन्यामागे सरासरी २५ गुण केले पाहिजेत. नेहमीचे बारा सामने आणि वर्षअखेरचा बोल सामना धरून तेरा गुणिले पंचवीस, म्हणजे ३२५. लगेच ‘ड्राइव्ह फॉर ३२५’ असं नाव पडलं आणि देशभरचे क्रीडावाहिनीवाले दर शनिवारी आयोवाच्या गुणांची बेरीज दाखवू लागले. या अटीत बचावफळीने किंवा खास पथकाने केलेले गुणही धरले जाणार होते. आक्रमणाच्या प्रमुखाचं मोजमाप दुसऱ्यांच्या मेहनतीनेही भरू द्यायचं, हा कलम लिहिणाऱ्याचा उदारपणा होता, आणि तोही पुरला नाही.

हंगाम सुरू झाला. मिशिगनहून आलेला क्वार्टरबॅक केड मॅकनमारा सप्टेंबरअखेर गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर पडला. पास झेलणाऱ्यांपैकी लूक लाची आणि एरिक ऑल हे दोन्ही भरवशाचे टाइट एंडही जायबंदी झाले. हे मान्य केलंच पाहिजे; त्या वर्षीच्या आकड्यांत दुखापतींचा मोठा वाटा आहे. पण मॅकनमारा खेळत असतानाच, २३ सप्टेंबरला पेन स्टेटने आयोवाला ३१-० ने धुतलं होतं आणि त्या सामन्यात आक्रमणाच्या वाट्याला एकूण ७६ यार्ड आले होते. मैदानाची लांबीसुद्धा भरत नाही.

आणि तरीही विजय येत राहिले. विस्कॉन्सिनविरुद्ध १५-६. शिकागोच्या रिग्ली फील्डवर नॉर्थवेस्टर्नविरुद्ध १०-७, तोही शेवटच्या काही सेकंदांतल्या फील्ड गोलने. इलिनॉयविरुद्ध १५-१३. नेब्रास्काविरुद्ध १३-१०, घड्याळ शून्यावर येता येता मारलेल्या फील्ड गोलने. मिनेसोटाविरुद्धचा सामना १२-१० ने गेला. त्यात आयोवाच्या कूपर डिजीनने पंट परतवून केलेला टचडाउन पंचांनी त्याच्या हाताच्या एका खुणेवरून रद्द ठरवला होता, आणि त्या खुणेवर आयोवात आजही वाद झडतात. त्या पराभवानंतर, ३० ऑक्टोबरला, हंगामी क्रीडा संचालक बेथ गोएट्झ यांनी जाहीर केलं की ब्रायन फेरेंट्झ या हंगामानंतर परतणार नाहीत. तेव्हा संघाचे सहा विजय आणि दोन पराभव होते. जिंकणाऱ्या संघाच्या प्रशिक्षकाला हंगाम अर्ध्यावर असताना असं सांगितलं जाणं नवलाचंच. चाहत्याचं म्हणणं विद्यापीठाने मान्य केलं, असाच त्याचा अर्थ होता.

बारा सामन्यांअखेर आयोवा दहा विजय मिळवून आपल्या गटात पहिला आला. २१६ गुण केले, १४६ दिले. बचावाचे सूत्रधार फिल पार्कर यांना देशातल्या सर्वोत्तम सहायक प्रशिक्षकाचा ब्रॉयल्स पुरस्कार मिळाला. मग २ डिसेंबरला बिग टेनच्या अंतिम सामन्यात समोर मिशिगन आलं, त्या वर्षीचा पुढे ठरलेला राष्ट्रीय विजेता. आयोवाच्या बचावाने या संघाला २१३ यार्डांवर रोखलं. एरवी एवढ्यावर कुणीही सामना जिंकायची आशा धरेल. पण टेलरचा एक पंट मिशिगनच्या खेळाडूने ८७ यार्ड परतवला, आयोवाच्या क्वार्टरबॅककडून चेंडू सुटत राहिला आणि निकाल लागला २६-०. १ जानेवारी २०२४ ला सिट्रस बोलमध्ये टेनेसीने ३५-० ने हरवलं. चौदा सामन्यांची बेरीज शेवटी २१६ वरच अडकून राहिली. चार पराभवांपैकी एक दोन गुणांनी आणि बाकीचे तिन्ही भोपळे. तीन सामन्यांत मिळून दिले ९२, केले शून्य.

तक्रार नेमकी हीच होती. चूक करणाऱ्या संघासमोर आयोवाची पद्धत उत्तम चालायची, कारण समोरच्याच्या चुकांवर जगण्यात तिची बरोबरी नव्हती. २०२१ मध्ये याच संघाने २५ पास हिसकावून देशात पहिला क्रमांक मिळवला होता आणि हंगामात एकदा राष्ट्रीय क्रमवारीत दुसऱ्या स्थानापर्यंत मजल मारली होती. पण चुका न करणारा संघ समोर आला आणि त्याने आधी दहा गुण केले, की आयोवाकडे परत येण्याचा रस्ताच नव्हता. १९८३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारताने १८३ धावा करूनही वेस्ट इंडिजला १४० मध्ये गुंडाळलं, हे प्रत्येक मराठी घरात माहीत आहे. दर सामन्यात १८३ वर बाद व्हायचं आणि गोलंदाजांवर सोडून द्यायचं, असं मात्र कुठल्याच कर्णधाराने त्यातून घेतलं नाही.

अटीतटीच्या सामन्यांबद्दल एक गोष्ट आकडेवाल्यांनी पुन्हा पुन्हा दाखवली आहे: मोठ्या फरकाने जिंकणं हे ताकदीचं लक्षण, थोडक्यात जिंकत राहणं बरंचसं नशिबाचं. व्यावसायिक लीगमधल्या मिनेसोटा व्हायकिंग्सचा २०२२ चा हंगाम हे त्याचं ठळक उदाहरण. आठ किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने संपलेले अकराच्या अकरा सामने त्यांनी जिंकले. एकूण १३ विजय आणि ४ पराभव. पण हंगामभरात केलेले गुण ४२४ आणि दिलेले ४२७. तेरा सामने जिंकणारा संघ एकूण गुणांत उणे होता. बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात न्यूयॉर्क जायंट्सने त्यांना घरी पाठवलं आणि पुढच्या वर्षी विजय उतरले सातवर. हंगाम चालू असताना शंका काढणाऱ्यांना तेव्हा रडे म्हणून हिणवलं गेलं होतं.

पिट्सबर्गमध्ये २०२३ ला आयोवासारखंच नाटक व्यावसायिक पातळीवर चाललं. स्टीलर्सच्या पहिल्या नऊच्या नऊ सामन्यांत समोरच्या संघाने त्यांच्यापेक्षा जास्त यार्ड मिळवले, आणि तरी स्टीलर्सचे विजय सहा. प्रेक्षक आक्रमणाचे समन्वयक मॅट कॅनडा यांना काढा म्हणून ओरडत. क्लीव्हलँडकडून १३-१० ने हरल्यावर २१ नोव्हेंबरला त्यांना काढलं. त्यानंतरच्या पहिल्याच सामन्यात संघाने ४२१ यार्ड केले. त्याआधीच्या सलग ५८ सामन्यांत स्टीलर्सना चारशेचा आकडा गाठता आला नव्हता. एका आठवड्यात खेळाडू बदलले नव्हते. तो सामना त्यांनी १६-१० ने जिंकला, म्हणजे गुण काही फार वाढले नाहीत, हेही खरं. पण चेंडू पुढे जाऊ लागला होता.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही मांडली पाहिजे, कारण ती बलवान आहे. २००० सालचे बॉल्टिमोर रेव्हन्स. ऑक्टोबर महिना लागला आणि या संघाचे टचडाउन बंद झाले. सलग पाच सामने एकही नाही. त्यातले दोन सामने त्यांनी फक्त फील्ड गोलांवर जिंकले, १२-० आणि १५-१०. याच काळात क्वार्टरबॅक बदलला, टोनी बँक्सच्या जागी ट्रेंट डिलफर आला. आक्रमण त्यानंतरही फार चमकलं नाही, पण चेंडू सांभाळू लागलं. बचावाने १६ सामन्यांत मिळून फक्त १६५ गुण दिले, तो विक्रम ठरला. जानेवारी २००१ मध्ये त्यांनी सुपर बोल ३४-७ ने जिंकला. बचावाच्या जोरावर विजेतेपद मिळतं म्हणणारे आजही रेव्हन्सचंच नाव घेतात. पण रेव्हन्सच्या गोष्टीत दोन तपशील असे आहेत, की ते चाहत्याच्याच बाजूने बोलतात. आक्रमण ठप्प झाल्यावर त्यांनी हंगामाच्या मध्यात माणूस बदलला. आणि जगज्जेते झाल्यावर लगेच त्याच डिलफरला सोडून दुसरा क्वार्टरबॅक आणला. जिंकलेल्या संघालाही आपलं आक्रमण पुरेसं वाटत नव्हतं.

आयोवाच्या तक्रारीत आणखी एक धार आहे आणि ती विद्यापीठीय खेळातच असते. व्यावसायिक खेळाडू दहा वर्षं थांबू शकतो. विद्यार्थी-खेळाडूकडे चार-पाच वर्षंच असतात. ७-३ च्या त्या सामन्यातली बचावफळी आठवून पाहावी. जॅक कॅम्पबेलने त्या वर्षी देशातल्या सर्वोत्तम लाइनबॅकरचा बटकस पुरस्कार घेतला आणि डेट्रॉइट लायन्सने त्याला पहिल्या फेरीत निवडलं. लूकस व्हॅन नेसला ग्रीन बे पॅकर्सने पहिल्या फेरीत घेतलं. कूपर डिजीन फिलाडेल्फिया ईगल्समध्ये गेला आणि ९ फेब्रुवारी २०२५ रोजी, आपल्या बाविसाव्या वाढदिवशी, सुपर बोलमध्ये समोरच्याचा पास हिसकावून थेट टचडाउन करून आला. ही मुलं एकाच वेळी एका संघात होती आणि त्या हंगामात त्यांच्या वाट्याला आठ विजय, पाच पराभव आले. अशी फळी एका राज्याला पुन्हा कधी जुळून येईल कुणी सांगावं! चाहत्याचा संताप या वाया गेलेल्या वर्षांबद्दल होता, आणि तो रास्त होता.

जानेवारी २०२४ मध्ये टिम लेस्टर नवे समन्वयक म्हणून आले. मुख्य प्रशिक्षक तेच, पार्कर तेच, पंटर मात्र नवा. केलब जॉन्सन हा धावपटू आधीच्या हंगामातही संघात होता. नव्या रचनेत तो १,५३७ यार्ड धावला आणि धावत २१ टचडाउन केले. आयोवाने वॉशिंग्टन आणि नॉर्थवेस्टर्नविरुद्ध ४०-४० गुण केले, विस्कॉन्सिनविरुद्ध ४२. आणि तरीही हंगाम संपला तेव्हा विजय आठ होते, आदल्या वर्षीपेक्षा दोन कमी. ज्येष्ठ चाहत्यांनी बोट दाखवायला हे निमित्त पुरेसं होतं. पण आकडे जरा उलगडून पाहावेत. २०२३ मध्ये तीन किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाचे चार सामने झाले, त्यातले तीन आयोवाने जिंकले. २०२४ मध्येही असे चारच झाले, आणि तीन हरले: आयोवा स्टेटविरुद्ध एका गुणाने, यूसीएलए आणि मिझुरीविरुद्ध तीन-तीन गुणांनी. दैवाचं पारडं एका वर्षात उलटं झुकलं. २०२३ चा संघ हा दहा विजयांचा संघ नव्हता आणि २०२४ चा संघ त्याच्यापेक्षा चांगला होता, विजय दोनने कमी असूनही. त्या वर्षी ओहायो स्टेटने मोठ्या फरकाने हरवलं, पण भोपळा आयोवाला एकदाही पाहावा लागला नाही. तेरा सामन्यांत एकूण गुण झाले ३६०.